खारफुटीतला टोडफिश ओळखायचा कसा: आधी काटे मोजा, रंग शेवटी बघा

खारफुटीच्या खाडीत जाळं ओढलं की कधीकधी त्यात कुजक्या लाकडाच्या ढलपीसारखं काहीतरी येतं. फेकून द्यायला हात पुढे करावा तर ते गुरगुरतं. डोकं रुंद आणि वरून दाबल्यासारखं चपटं, तोंड डोक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलेलं, हनुवटीला कातडीची लक्तरं लोंबणारी, डोळे आभाळाकडे. हा टोडफिश. फोटो काढला जातो, आणि सोबत हमखास एकच वर्णन येतं: "तपकिरी आहे, अंगावर काळसर पट्टे आहेत, कुठला असेल?"

या वर्णनावरून कुणालाच काही सांगता येणार नाही. तपकिरी अंग आणि काळसर पट्टे हे टोडफिशच्या कुळात बहुतेकांना लागू पडतं. शिवाय हे मासे दबा धरून बसणारे आहेत, त्यांच्या रंगाची छटा भोवतालाप्रमाणे कमीजास्त गडद होते. काळ्या चिखलातून उचलून पांढऱ्या बादलीत टाकलेला मासा थोड्या वेळाने फिकट दिसू लागतो. मेल्यावर रंग आणखी बदलतो. मी सुरुवातीला रंगावरूनच नावं ठरवत असे आणि त्यातली बरीच पुढे खोडावी लागली. म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. आधी मोजायच्या गोष्टी, मग ठिकाण, आणि रंग अगदी शेवटी.

नावाचा घोळ आधीच मिटवून घेऊ. टोडफिश म्हणजे बॅट्राकॉइडिडी कुळातले मासे, एकूण ८० हून अधिक प्रजाती. इंग्रजीत फ्रॉगफिश नावाचं दुसरंच एक कुळ आहे, त्याचा टोडफिशशी जवळचा संबंध नाही. ऑस्ट्रेलियात मात्र बॅट्राकॉइडिडी कुळातल्या माशांनाच फ्रॉगफिश म्हणतात आणि टोडफिश हे नाव फुगणाऱ्या पफर माशांना देतात. मराठीत भाषांतर करायला गेलो तर सगळ्यांनाच बेडूकमासा म्हणावं लागेल आणि गोंधळात भरच पडेल. तेव्हा इथे टोडफिश म्हणजे फक्त बॅट्राकॉइडिडी.

पहिली पायरी: हात लावू नका

ओळखण्याच्या आधी ही पायरी येते, कारण इथे चूक झाली तर पुढचं काही करायची इच्छा राहत नाही. टोडफिशच्या पाठीवर पुढच्या बाजूला दोन किंवा तीन आखूड काटे असतात आणि कल्ल्यांच्या झाकणावरही काटे असतात. मासा निवांत असताना ते कातडीत जवळजवळ बुडालेले असतात, दिसत नाहीत. दाबलं की उभे राहतात. अमेरिका खंडांतल्या काही टोडफिशचे काटे इंजेक्शनच्या सुईसारखे पोकळ असतात आणि मुळाशी विषाची ग्रंथी असते. इतरांचे काटे भरीव असतात, पण नवख्याने तो फरक हातावर करून बघण्यात अर्थ नाही. सगळे विषारी समजूनच वागा.

जाळीने किंवा रुंद तोंडाच्या डब्याने उचला. पातळ रबरी हातमोज्यातून काटा आरपार जातो. बोट तोंडाजवळ नेऊ नका, खेकडे आणि शिंपल्या फोडून खाणारा जबडा आहे तो. ओहोटीत उघड्या पायांनी चिखलात चालू नका.

काटा लागलाच तर जखम धुवून, तो हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवावा. पाणी ४५ अंश सेल्सिअसच्या वर नको. ते किती गरम आहे हे दुखावलेल्या हाताने तपासू नका, तिथली जाणीव भरवशाची राहत नाही आणि कातडी भाजते. माशांच्या विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात, असं या उपचारामागचं कारण सांगतात. त्यानंतर डॉक्टरकडे जाणं टाळू नये. काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो, धनुर्वाताची लस लागते, आणि खाडीच्या पाण्यातल्या जिवाणूंमुळे जखम चिघळू शकते.

दुसरी पायरी: फोटो, पण कामाचे

एकच तिरका फोटो, तोही मासा गवतावर पडलेला असताना काढलेला, बहुतेक वेळा वाया जातो. अरुंद, पारदर्शक भिंतींच्या टाकीत खाडीचंच पाणी घ्या, त्यात मासा ठेवा आणि शांत होऊ द्या. मग हे फोटो हवेत: वरून पूर्ण अंग, दोन्ही कुशी, खालून गळा आणि पोट, पाठीचा पुढचा भाग जवळून, कल्ल्यांचं झाकण जवळून, आणि छातीचा पर पुढे झुकलेला असताना त्याच्या मागची काख. शेवटचा फोटो लोक हमखास विसरतात. काही टोडफिशच्या काखेत एक बारीक छिद्र असतं, काहींच्या नसतं, आणि वंश (कुळाच्या आतला जवळच्या प्रजातींचा गट) ठरवताना तज्ज्ञ तेच विचारतात.

मोजपट्टी शेजारी ठेवा. लांबी दोन प्रकारे लिहा: वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीचा पर सुरू होतो तिथपर्यंत, आणि शेपटीच्या टोकापर्यंत. पहिलीला प्रमाण लांबी म्हणतात. शेपूट फाटलेली असली तरी ती बदलत नाही, म्हणून शास्त्रीय वर्णनांत बहुधा तीच वापरतात.

टोडफिश पाण्याबाहेर बराच वेळ तग धरतात, काही तर तासन् तास. म्हणून त्याला उन्हात ठेवून सावकाश फोटो काढायची परवानगी मिळाली असं समजू नका.

तिसरी पायरी: हा टोडफिशच आहे ना?

इथे वेळ घ्या. चुकीच्या ओळखी मी जेवढ्या पाहिल्या, त्यातल्या बहुतेक याच पायरीवर झालेल्या होत्या. कुळच चुकलं, मग पुढे कितीही काळजीपूर्वक मोजलं तरी उपयोग नाही.

खालून, म्हणजे टाकीच्या तळातून किंवा आरशातून, माशाच्या गळ्याकडे बघा. पोटाच्या परांची जोडी कुठे आहे? टोडफिशमध्ये ती छातीच्या परांच्याही पुढे, थेट गळ्याखाली असते. दोन जाडसर, मांसल बोटांसारखी. प्रत्येक परात एक काटा आणि फक्त दोन किंवा तीन मऊ काड्या असतात. विंचूमासा, दगडमासा, तारेबघ्या अशा बहुतेक तोतयांमध्ये, म्हणजे टोडफिशसारख्या दिसणाऱ्या इतर माशांमध्ये, एका काट्यासोबत पाच काड्या असतात. काड्या मोजायला चिमट्याने पर हलकेच पसरावा लागतो, पण ही एक मोजणी अर्धं काम करून टाकते.

मग कल्ल्याची फट. टोडफिशची फट आखूड, उभी आणि छातीच्या पराच्या मुळाच्या पुढे असते. दोन्ही बाजूंच्या फटी गळ्याखाली एकमेकींना मिळत नाहीत, मध्ये कातडीचा रुंद पट्टा असतो. विंचूमाशाचं झाकण उचललं तर ते खालपर्यंत मोकळं सुटतं.

आता पाठ. टोडफिशला पाठीवर दोन पर असतात. पुढचा अगदी इवलासा, दोन किंवा तीन काट्यांचा. मग एक खाच, आणि त्यामागे शेपटीपर्यंत जाणारा लांब मऊ पर. खाली गुदद्वाराच्या मागेही तसाच लांब पर, थोडा आखूड. शेपूट गोलाकार. खवले एकतर नसतातच, किंवा असले तर इतके बारीक आणि कातडीत रुतलेले की बोटाला जाणवत नाहीत.

तोतये कोण, ते एकेक करून बघू.

खरा फ्रॉगफिश, म्हणजे अँटेनारिडी कुळातला, चेंडूसारखा फुगीर असतो, डोकं चपटं नसतं. त्याच्या कपाळावर पहिला काटा गळासारखा झालेला असतो आणि टोकाला आमिष लोंबतं. कल्ल्याची फट म्हणजे छातीच्या पराच्या मुळाच्या खाली किंवा मागे एक बारीक भोक. टोडफिशला गळ नसतो. "पण कपाळावर कातडीचा तुकडा आहे" असं कुणी म्हणालं तर तो हलवता येणारा काटा आहे की नुसती लोंबणारी कातडी, हे बघायचं.

दगडमासा, सिनॅन्सिया वंशातला, हा सगळ्यात धोक्याचा तोतया. त्याच्या पाठीवर डझनाच्या आसपास काटे असतात आणि तोंड वर उघडतं. दोन-तीन काट्यांनंतर मोजणी संपत नसेल तर मासा तसाच ठेवा आणि मागे सरका.

तारेबघ्या हे मी युरॅनोस्कोपस वंशाला दिलेलं हौशी नाव. हा फसवतो, कारण त्याचेही डोळे वर असतात, पोटाचे पर गळ्याखाली असतात आणि पाठीवरच्या पहिल्या परात काटे मोजकेच असतात. पण त्याचं तोंड जवळजवळ उभं असतं, ओठांना झालर असते, आणि पोटाच्या परात पाच काड्या. पाच दिसल्या की विषय संपला.

खारफुटीत आणखी एक गर्दी असते ती गोबी आणि त्यांच्या चुलतभावांची. त्यातले काही चांगलेच चपट्या डोक्याचे आणि लाकडासारख्या रंगाचे असतात. पण त्यांच्या अंगावर खवले स्पष्ट दिसतात, पाठीवरच्या पहिल्या परात साधारण सहा लवचीक काटे असतात आणि पोटाचे पर छातीखाली असतात, गळ्याखाली नाही. पफर तर लगेच वेगळा पडतो: पोपटाच्या चोचीसारखे दात, पोटाचे पर मुळीच नाहीत. मिशीवाले शिंगाळे आणि त्यांचे भाऊबंद टोडफिशच्या लक्तरांमुळे आठवतात, पण त्यांच्या मिशा मोजक्या आणि लांब असतात, टोडफिशची लक्तरं आखूड, कधी फाटे फुटलेली, आणि खालच्या जबड्याच्या कडेने ओळीत.

चौथी पायरी: काटे दोन की तीन, आणि समुद्र कुठला

कुळ पक्कं झालं की पाठीवरचे काटे पुन्हा मोजा, यावेळी नीट. तिसरा काटा कातडीखाली लपलेला असतो आणि नवखा "दोन" लिहून मोकळा होतो. बोथट चिमट्याने किंवा काडीने मागून पुढे कातडी सरकवली की तो उभा राहतो.

या मोजणीला भूगोलाची जोड द्यायची. आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरच्या सगळ्या टोडफिशना तीन भरीव काटे असतात. दोन काट्यांचे टोडफिश फक्त अमेरिका खंडांच्या दोन्ही बाजूंना मिळतात. म्हणजे हिंदी महासागरातल्या माशावर तुम्ही दोन काटे मोजले असतील तर पुन्हा मोजा. ही युक्ती फार कामाची आहे, आणि फार थोडे लोक वापरतात.

अमेरिकेतल्या खारफुटीत दोन काटे मिळाले तर सावध. बहुधा तो थॅलॅसोफ्रायनी गटातला, खऱ्या अर्थाने विषारी. पाठीवर दोन आणि प्रत्येक झाकणावर एक, असे चार पोकळ काटे. त्याच्या झाकणाखालच्या हाडावर जादा काटे नसतात, अंगावर खवले नसतात. ब्राझीलच्या उत्तर आणि ईशान्य किनाऱ्यावरच्या खाड्यांत थॅलॅसोफ्रायनी नॅटेरेरी मिळतो. तिकडे त्याला निकीम म्हणतात. वाळू-चिखलात फक्त डोळे बाहेर ठेवून तो बसतो आणि मासेमारांच्या तळपायांना काटा लागतो. त्याच्या विषातल्या प्रथिनांच्या गटाला नॅटेरिन हे नाव याच माशावरून मिळालं. दोन काट्यांचा दुसरा गट मिडशिपमन माशांचा. त्यांच्या अंगावर अनेक पार्श्वरेषा (कुशीवरून जाणाऱ्या बारीक छिद्रांच्या रेघा) असतात, जबड्यात सुळे असतात आणि पोरिक्थिस वंशात पोटाच्या बाजूने प्रकाश देणाऱ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. खारफुटीत त्यांची अपेक्षा कमीच ठेवा.

अमेरिकेत तीन काटे असतील तर पहिला प्रश्न खवल्यांचा. भिंग घ्या. अंगावर कातडीत रुतलेले बारीक खवले असतील तर बॅट्राकॉइडीस वंशाकडे वळा. होंडुरासपासून ब्राझीलपर्यंत मिळणारा बॅट्राकॉइडीस सुरिनामेन्सिस अर्ध्या मीटरच्याही पुढे वाढतो. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या बॅट्राकॉइडीस मँग्ली याच्या तर नावातच खारफुटी आहे, स्पॅनिशमध्ये मँग्ले म्हणजे खारफुटी. हाच वंश अटलांटिक ओलांडून पश्चिम आफ्रिकेतही आहे, तिथला बॅट्राकॉइडीस लायबेरिएन्सिस. खवले नसतील तर ऑप्सानस आणि इतर वंश बघायचे. फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखातातला ऑप्सानस बीटा समुद्री गवतात आणि खारफुटीच्या कडेला राहतो.

पाचवी पायरी: आशियातल्या खारफुटीतला गुरगुरणारा

भारत, श्रीलंका आणि बांगलादेशपासून इंडोनेशियापर्यंतच्या मचूळ खाड्यांत ज्याचं नाव सगळ्यात आधी तपासावं लागतं, तो अ‍ॅलनबॅट्राकस ग्रनिएन्स. लिनिअसने १७५८ मध्ये त्याला नाव दिलं तेव्हा त्याला कॉटस वंशात टाकलं होतं. ग्रनिएन्स म्हणजे लॅटिनमध्ये डुकरासारखा गुरगुरणारा. पुढे बराच काळ तो बॅट्राकस ग्रनिएन्स या नावाने लिहिला गेला. मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रीनफिल्ड यांनी १९९७ मध्ये अ‍ॅलनबॅट्राकस हा वंश वेगळा काढला. त्यातला अ‍ॅलन म्हणजे मत्स्यशास्त्रज्ञ जेराल्ड अ‍ॅलन, आणि बॅट्राकस म्हणजे ग्रीकमध्ये बेडूक. जुन्या याद्या चाळताना ही नावांची साखळी हाताशी ठेवा, नाहीतर एकच मासा तीनदा लिहिला जाईल.

मासा साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, हाती लागतात ते बहुधा त्याहून बरेच लहान. डोकं रुंद आणि चपटं, खालच्या जबड्याच्या कडेने कातडीची आखूड लक्तरं, पाठीवर तीन काटे, झाकणावर आणि झाकणाखालच्या हाडावर काटे. अंग तपकिरी, त्यावर गडद डाग आणि तुटक पट्टे, परांवरही गडद-फिकट आडव्या रेघा. शेवटचं वाक्य सगळ्यात कमी महत्त्वाचं, म्हणून शेवटी.

या वंशात आणखी दोन प्रजाती आहेत. अ‍ॅलनबॅट्राकस रेटिक्युलेटस आग्नेय आशियात मिळतो, नावाचा अर्थ जाळीदार. अ‍ॅलनबॅट्राकस मेरिडिओनॅलिस मादागास्करच्या बाजूचा, त्याचं वर्णन २००४ मध्ये झालं. म्हणजे ठिकाण माहीत असलं की तिसरा आपोआप गळतो, आणि खरी अडचण पहिल्या दोघांची उरते.

आग्नेय आशियापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत आणखी एक उमेदवार भेटतो, बॅट्राकोमियस ट्रायस्पायनोसस. गुंथरने १८६१ मध्ये त्याला हे नाव दिलं, अर्थ तीन काट्यांचा. या नावाने किती जणांना फसवलं असेल देव जाणे. माशाला तीन काटे आहेत, नावही तीन काट्यांचा, मग जुळलंच! पण या भागातल्या प्रत्येक टोडफिशला तीनच काटे असतात. नाव म्हणजे लक्षण नव्हे. हाच मासा काही जुन्या याद्यांत हॅलोफ्रायनी वंशात दिसतो. हॅलोफ्रायनी वंशातला हॅलोफ्रायनी डायमेन्सिसही याच पट्ट्यात आहे, पण तो खारफुटीपेक्षा प्रवाळ आणि दगडगोट्यांत जास्त भेटतो. भारताच्या किनाऱ्यावर कोलेटिक्थिस वंशाचे टोडफिशही आहेत. हा वंश २००६ मध्ये वेगळा काढला गेला, त्याआधीच्या लिखाणात त्यातला डुसुमिएरी हा ऑस्ट्रोबॅट्राकस नावाखाली सापडेल.

हे वंश एकमेकांपासून वेगळे करणारी लक्षणं बारीक आहेत: काखेतलं छिद्र आहे की नाही, झाकणावर आणि त्याखालच्या हाडावर नेमके किती काटे, पार्श्वरेषा किती आणि त्यांची छिद्रं कशी मांडलेली, पाठीच्या आणि गुदपराच्या मऊ काड्या किती. यातली प्रत्येक मोजा आणि लिहून ठेवा. काड्या मोजताना मागून उजेड सोडा, म्हणजे पर पारदर्शक होतो. शेवटच्या दोन काड्या एकाच मुळातून निघाल्यासारख्या दिसतात तिथे गडबड होते, म्हणून तुम्ही त्या एक मोजल्या की दोन, तेही लिहा. मग हे आकडे मूळ वर्णनाशी ताडून बघायचे. फोटो शेजारी शेजारी ठेवून "हा जरा जास्त तसा दिसतो" असं ठरवणं ही ओळख नाही, अंदाज आहे.

आवाज, घर आणि मत्स्यालयाचं दुकान

गुरगुरण्यावरून प्रजाती ठरत नाही. कुळातल्या बऱ्याच प्रजाती आवाज काढतात. वाताशयाच्या, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीच्या, भिंतीला चिकटलेले खास स्नायू तो काढतात, आणि हे स्नायू पृष्ठवंशी प्राण्यांमधल्या सर्वांत वेगवान स्नायूंमध्ये गणले जातात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ऑप्सानस टाऊ या टोडफिशमध्ये ते सेकंदाला सुमारे २०० वेळा आकुंचन पावू शकतात. त्याचा नर विणीच्या काळात लांबलचक भोंग्यासारखा आवाज काढून मादीला बोलावतो. आवाज ऐकला तर टिपणात लिहा, पण तो ऐकण्यासाठी माशाला दाबू नका.

जागेची नोंद जास्त उपयोगी. मुळांच्या जाळीत होता की उघड्या चिखलावर, कालवांच्या झुपक्याखाली की बुडालेल्या डब्यात, भरती होती की ओहोटी, पाणी किती खारं होतं. टोडफिश पोकळी शोधतात. पाइप, टायर, बाटली, काहीही चालतं. पुष्कळ प्रजातींत नर अशा पोकळीच्या छताला चिकटवलेल्या अंड्यांची राखण करतो, आणि अंड्यातून बाहेर आलेली पिल्लंही काही काळ तिथेच चिकटून राहतात. एखादा दगड उलटल्यावर खालच्या बाजूला पिवळसर मण्यांसारखी अंडी किंवा चिकटलेली पिल्लं दिसली तर फोटोचा मोह सोडा, दगड जसा होता तसा, त्याच बाजूने ठेवा. तो नर ओळखायचा राहिला तरी चालेल.

मत्स्यालयाच्या दुकानातून आलेल्या माशाची गोष्ट वेगळी. ग्रनिएन्स आणि ट्रायस्पायनोसस हे दोघेही "गोड्या पाण्यातला लायनफिश" म्हणून विकले जातात. ते लायनफिशही नाहीत आणि कायम गोड्या पाण्यात राहणारेही नाहीत, त्यांना मचूळ पाणी लागतं. दक्षिण अमेरिकेतला थॅलॅसोफ्रायनी अ‍ॅमॅझॉनिका मात्र खरोखर गोड्या पाण्यातला आहे, आणि त्याच्या पाठीवर दोन पोकळ, विषारी काटे आहेत. दुकानातल्या माशाला ठिकाणाचा आधार नसतो, त्यामुळे तिथे काट्यांची मोजणी पहिल्यांदा आणि काचेच्या बाहेरून करा.

शेवटची पायरी: किती बोलायचं ते ठरवणं

एक उदाहरण घेऊ. समजा, बंगालच्या उपसागराच्या काठावरच्या खारफुटीच्या मुखातून एक मासा आला. प्रमाण लांबी १४ सेंटिमीटर. पोटाचे पर गळ्याखाली, एक काटा आणि दोन काड्या: कुळ पक्कं. पाठीवर पहिल्यांदा दोन काटे मोजले, कातडी सरकवल्यावर तिसरा दिसला: भूगोलाशी जुळलं. अंगाला खवले जाणवत नाहीत. मुख मचूळ, तळ चिखलाचा. इथवर अ‍ॅलनबॅट्राकस ग्रनिएन्स सगळ्यात पुढे आहे. पण काखेचा फोटो अंधारलेला निघाला आणि गुदपर फाटका असल्याने काड्या मोजता आल्या नाहीत.

अशा वेळी नोंदीत पूर्ण नाव ठोकून देऊ नका. अ‍ॅलनबॅट्राकस सीएफ. ग्रनिएन्स असं लिहा. सीएफ. म्हणजे "याच्याशी ताडून पाहा". वंशाचीच खात्री नसेल तर बॅट्राकॉइडिडी लिहून थांबा, त्यात कमीपणा काही नाही. सध्याचं मान्य नाव कोणतं हे फिशबेस या संकेतस्थळावर किंवा एश्मायर यांच्या नावाने चालणाऱ्या माशांच्या सूचीत बघून घ्या. स्थानिक नियमांनुसार परवानगी असेल आणि मासा मेलेलाच मिळाला असेल तर पराचा बारीक तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. डीएनए बारकोडने, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा आधीच्या नमुन्यांशी ताडून, उत्तर मिळण्याची शक्यता असते. मात्र तुलनेसाठी वापरलेला नमुना तरी कुणी बरोबर ओळखला होता का, हा प्रश्न तिथेही सुटत नाही, त्यामुळे मोजमापं आणि फोटो सोबत हवेतच.

वरच्या उदाहरणातली नोंद साधारण अशी होईल: "अ‍ॅलनबॅट्राकस सीएफ. ग्रनिएन्स. प्रमाण लांबी १४ सेंमी. पृष्ठकाटे ३, पोटाचा पर १ काटा + २ काड्या. काखेतलं छिद्र तपासलं नाही. गुदपर फाटका. ओहोटी, मुळांमध्ये, चिखल. धरल्यावर गुरगुरला. तपकिरी, गडद तुटक पट्टे. त्याच जागी सोडला."